पाइप द्यावा, पंप वाचवावा

घरात समुद्री मासे पाळणाऱ्याचा बराचसा खर्च दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत दिसत नाही. तो टाकीखालच्या कपाटात दडलेला असतो. फिल्टरची दुसरी टाकी, पाणी वर चढवणारा पंप, घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आणि या सगळ्यांना जोडणारे पीव्हीसीचे पाइप. यात सगळ्यात स्वस्त पाइप, आणि पंप बदलायची वेळ आली की अडून बसतो तोही पाइपच. युनियनमध्ये, म्हणजे आट्यांनी सुट्या होणाऱ्या जोडात, कोणीतरी सोल्युशन लावून तो पक्का केलेला असतो, पुढे कधीतरी तोंडाशी सपाट कापलेला असतो, आणि मग हार्डवेअरच्या दुकानात एकच विचारणा होते: हे चिकटलेलं विरघळवायला काही मिळेल का?

मिळत नाही, कारण विरघळवण्यासारखा वेगळा डिंक तिथे नसतोच. प्लंबरच्या डब्यातल्या सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल किटोन, सायक्लोहेक्झॅनोन यांसारखे द्रावक असतात आणि त्यांत थोडं पीव्हीसीच विरघळवलेलं असतं. द्रावक पाइपाची बाहेरची आणि फिटिंगची आतली कातडी मऊ करतात. दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत शिरतात, द्रावक उडून जातात आणि मागे उरतं ते सलग प्लास्टिक. फिटिंगचं तोंड आतल्या बाजूला किंचित निमुळतं असतं. त्यामुळे पाइप खोलवर घट्ट बसतो तिथे तो खरोखर एकजीव होतो. तोंडाजवळ जरा सैल असतो तिथे जोड त्या मानाने कच्चा राहतो. पुढे सोलताना हा फरक कामी येतो. कोणताही द्रावक जोडापुरता थांबत नाही. पाइप मऊ करणारं रसायन फिटिंगलाही तितकंच मऊ करतं.

पीव्हीसीची आणि चिकटवण्याची सोयरीक तशी जुनी आहे. 1926 साली अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने तेव्हा फारसं कोणी विचारात न घेतलेलं पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवलं. हवा होता तो पदार्थ मिळाला नाही, हाती आलं लवचिक पीव्हीसी. फिशटँकमधून पाणी उपसायची पारदर्शक नळी त्याच कुळातली. पाइप मात्र प्लास्टिसायझर न घातलेला, कडक.

तेव्हा जोड सोडवायच्या भानगडीत न पडता आधी ठरवावं की दोहोंतलं काय वाचवायचं आणि काय वाया घालवायचं. वाया जायचा पाइप. पंपाची युनियन, बॉल व्हॉल्व्ह, स्किमरची नळकांडी वाचवायची. साधा एल्बो किंवा टी असेल तर तोही कापून टाकावा. वीस-तीस रुपयांच्या एल्बोसाठी दुपार घालवणारे लोक आहेत, पण ते हौसेचे.

फिटिंगबाहेर इंचभर पाइप शिल्लक असेल तर काहीच काढायची गरज नाही. टोक सरळ कापायचं, काचकागदाने कड मोडायची आणि नवा कपलर चढवायचा. मात्र माप बघून. आपल्याकडे घरगुती प्लंबिंगचा इंची पाइप आणि शेतीचा मिलिमीटरी पाइप एकाच दुकानात शेजारी शेजारी उभे असतात. एक इंची प्लंबिंग पाइपाचा बाहेरचा व्यास 33.4 मिमी, शेतीच्या पाइपाचा 32 मिमी. हातात धरून कळत नाही, पण दीड मिलिमीटरची फट सोल्युशनने भरून निघत नाही.

पाइप तोंडाशी कापलेला असेल तर खरं काम सुरू होतं. यासाठी ड्रिलला लावायचा खास रीमर मिळतो. तो पाइपाच्या पोकळीत मध्य साधून फिरतो आणि आतला पाइप कोरून फिटिंग मोकळं करतो. ड्रिल सावकाश चालवावं लागतं, नाहीतर प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळून पात्याला लपेटतं. रीमर नसेल तर हॅक्सॉचं नुसतं पातं घ्यावं, एका टोकाला चिंधी गुंडाळावी आणि पाइपाच्या आतून लांबीच्या दिशेने खाचा पाडाव्यात. एक इंची शेड्यूल 40 पाइपाची भिंत साधारण 3.4 मिमी जाड असते. तीन मिमीच्या आसपास हात आवरायचा. फिटिंग करड्या रंगाचं आणि पाइप पांढरा असेल तर नशीबच, खाचेत करडी रेघ दिसली की थांबायचं. दोन खाचांमधली पट्टी पटाशीने तोंडाकडून, म्हणजे कच्च्या बाजूने, उचकटायला घ्यावी. फणसाच्या चारखंडाला लागलेला गरा सुटतो तसा तुकडा सुटत येतो, आणि काही वेळा तसाच हट्टाने फाटतोही.

हीट गन वापरायची तर आतून, फक्त पाइपाला ऊब लागेल इतपत. पीव्हीसी सुमारे 80 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. आतली भिंत मऊ आणि बाहेरचं फिटिंग अजून कडक, अशी काही सेकंदांची संधी मिळते. तेवढ्यात पकडीने पट्टी आत वळवून ओढायची. फिटिंगभोवती ओला फडका गुंडाळला तर संधी थोडी वाढते. पंप, वायर आणि मोटर अर्थातच आधीच सुट्या करून बाजूला.

काही कारागीर पाइपात कागद पेटवतात किंवा द्रावक ओतून काडी लावतात. पाइप सुटतोही. पण जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो घशात ओलाव्याला भेटला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. बंद फ्लॅटमध्ये हा प्रयोग करणाऱ्याच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी.

ॲक्रिलिकच्या स्किमरला यातलं बरंचसं चालत नाही. पीव्हीसीचं सोल्युशन ॲक्रिलिकलाही धरतं, म्हणून तोही जोड पक्काच. पण ॲसिटोन किंवा स्पिरिट लागलं की ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकवर केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. उष्णतेने जुने ताण मोकळे होऊन नळकांडं वाकडं होतं. इथे फक्त थंड, हाताचं पातं आणि संयम. हातोडी वर्ज्य. टाकीच्या काचेला भोक पाडून बसवलेल्या टँक निपलमध्येही ठोकाठोक नको. आधी नट काढून निपल बाहेर घ्यावं. काही आयात निपलांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणून पाना लावण्याआधी आटे कुठे चढतात ते नीट पाहावं.

हे सगळं चालू असताना पंप बंद असतो, हे माणूस विसरतो, मासे विसरत नाहीत. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, खाऱ्यात त्याहून कमी. तेव्हा एअरस्टोन लावून ठेवावा. फिल्टरमधले खडे किंवा स्पंज नळाखाली धुऊ नयेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अमोनिया पचवणारे जिवाणू मारतं. टाकीच्याच पाण्यात, हवा खेळती ठेवून ते बादलीत ठेवावेत. कापताना पडलेला कीस एकेक कण पुसून काढावा, नाहीतर तो पहिल्या दिवशी पंपाच्या पंख्यात सापडतो.

पुन्हा जोडताना पंपाजवळ आणि स्किमरजवळ एकेक युनियन घालावी, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना घातली तर आणखी उत्तम. आट्यांवर टेफ्लॉन टेप, सोल्युशन कधीच नाही. युनियनच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावं. घरात व्हॅसलिन असतंच म्हणून ते लावणारे खूप. पण रिंग ईपीडीएम रबराची असेल तर ती व्हॅसलिनमधल्या पेट्रोलियमने फुगते आणि पुन्हा खाचेत बसत नाही. कोरडी जुळवणी करून पेनने खुणा कराव्यात, सोल्युशन लावल्यावर पाव वळसा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरावं, कारण निमुळतं तोंड पाइपाला मागे ढकलत असतं. कोकणात पावसाळ्यात हे काम असेल तर जोडाला जास्त वेळ द्यावा; दमट हवेत द्रावक हळू उडतात, आणि उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर दव धरतं. एरवी चोवीस तास थांबून, आतून पाणी खळखळवून ते फेकून द्यावं आणि मगच पंप चालू करावा.