बाजार ते बाजार : दोनशे ताटांचा आठवडा

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले बाग हे गाव बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते : लेण्यांतली बौद्ध भित्तिचित्रे आणि बाघिनी नदीच्या पाण्यात धुतले जाणारे ठशांचे कापड. मला मात्र या आदिवासी विकासखंडातल्या शाळांच्या आणि वसतिगृहांच्या चुलींविषयी लिहायचे आहे. तिथे रोज शंभर-दोनशे मुलांचे एकदम शिजते. गहू-तांदूळ आणि डाळी कोठीत टिकतात. आठवडी हाटातून आणलेली भाजी टिकत नाही. म्हणून अशा चुलीचा आठवडा एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत मोजावा लागतो.

हिशेब सोपा आहे आणि कठीणही. मध्यान्ह भोजन योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल ठरले आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. दोनशे मुले धरली तर रोज 20 किलो धान्य, 4 किलो डाळ, 10 किलो भाजी आणि 1 किलो तेल. धान्य सरकार देते. बाकीच्या सामानासाठी 1 मे 2025 पासून दर मुलामागे 6.78 रुपये, म्हणजे दोनशे जणांचे 1,356 रुपये. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि सरपण सगळे एवढ्यात. या रकमेत महागडा पदार्थ बसत नाही, पण वैविध्य बसते. सहा दिवसांच्या आठवड्याची 24 किलो डाळ सगळी तुरीचीच घ्यायची की तूर, हरभरा, मूग आणि उडीद यांत वाटून घ्यायची, याने वजन बदलत नाही, ताट बदलते. मध्य प्रदेशच्या शाळांचे वेळापत्रकही असेच बांधलेले आहे : कधी तूर, कधी हरभरा, कधी मूग, एके दिवशी पुलाव आणि कढी.

ही अदलाबदल केवळ जिभेसाठी नसते. बागच्या परिसरात मका हे घरचे धान्य आहे. मक्याच्या पिठाचा गोळा पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये आणि सोबत डाळ, हे इथले आवडते जेवण. मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले कमी असतात. शिवाय त्यातले नायसिन हे ब जीवनसत्त्व असे बांधलेले असते की आतड्याला ते सुटे करता येत नाही. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन स्वतः बनवते (साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम), पण मक्यात तेही अपुरेच. पानियांशेजारची डाळ ही उणीव भरून काढते. ज्या आजीने हे जोडपे पहिल्यांदा ताटात वाढले, तिचे मला मनापासून कौतुक वाटते.

हे जोडपे तुटले की काय होते, याचा पुरावा एका सामुदायिक स्वयंपाकघरातूनच आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो माणसे मरत होती. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी बुद्धी भ्रमायची. साथीचा जंतू शोधण्यात डॉक्टर गुंतले होते. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मात्र पाहिले की अनाथालयांतली मुले आजारी पडतात, सांभाळणारे कर्मचारी पडत नाहीत. 1914 मध्ये त्यांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या दोन अनाथालयांचा भटारखाना बदलायला लावला : मक्यावरचा भर कमी केला, दूध, अंडी, मांस आणि शेंगावर्गीय दाणे वाढवले. पुढच्या वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला. औषध एकही दिले नव्हते. शेकडो माणसांचे एकच ताट ठरवणाऱ्याच्या हातात केवढे बळ असते, हे त्या दोन स्वयंपाकघरांनी दाखवले.

शाळेतले जेवण दिवसातले एकच. वसतिगृहात मात्र सगळी जेवणे एकाच चुलीवरची, आणि तिथे डाळीचे माप हात सैल सोडून घ्यायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या 2,000 कॅलरींच्या दिवसाच्या ताटात 250 ग्रॅम धान्याला 85 ग्रॅम कडधान्य-डाळ आहे, म्हणजे जवळपास तिनास एक. शाळेच्या ताटात ते पाचास एक पडते.

भाजीचा क्रम तिच्या आयुष्यावरून लावावा. पालक, मेथी, अंबाडी बाजाराच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. मग भेंडी, वांगी, गिलकी. मधल्या दिवसांत दुधी आणि कोबी. लाल भोपळा, बटाटा आणि कांदा शेवटासाठी राखायचे. पालेभाजीतले क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, उष्णतेनेही घटतात. म्हणून ती डाळीत शेवटच्या पाच मिनिटांत घालावी आणि पाणी फेकू नये. डाळीतले लोह शरीरात मुरायला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. लिंबू मात्र पातेले उतरल्यावरच पिळावे.

आता पातेल्याकडे. पातेल्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की आत मावणारे अन्न आठपट होते, पण उष्णता बाहेर पडायचा पृष्ठभाग चारपटच. मोठे पातेले म्हणूनच निवायला फार वेळ घेते. दर किलोमागे वाफही कमी जाते, त्यामुळे दहापट डाळीला दहापट पाणी घातले की पातळ कालवण होते. ते एक वेळ चालेल. सावकाश निवणे चालणार नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सिरियस या जिवाणूंची बीजे उकळत्या अन्नातही टिकतात आणि 60 अंशांच्या खाली अन्न आले की रुजतात. पहिला जिवाणू 45 अंशांच्या आसपास दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. दुसरा भातात जे विष सोडतो, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज नसलेल्या स्वयंपाकघरात उरलेला भात रात्रीसाठी झाकून ठेवणे हा मला सरळ धोका वाटतो. तिथे मोजून शिजवणे हाच उपाय.

रविवारी आठवड्याचे शिजवून ठेवणाऱ्या इंदूर-पुण्यातल्या घरांनाही हाच नियम लागू. अन्न उथळ ताटांत दोन बोटे उंचीचे पसरावे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. आणि पूर्ण पदार्थ करून ठेवण्यापेक्षा नुसती हळद घातलेली डाळ शिजवून ठेवावी. एका दिवशी तिला लसूण-मिरचीची फोडणी, दुसऱ्या दिवशी चिंच-गूळ, तिसऱ्या दिवशी पालक. तीच चव पुन्हा पुन्हा आली की तिची गोडी उतरते आणि वेगळ्या चवीची भूक मात्र शाबूत राहते, हे 1981 मध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवले. मुलांच्या ताटात उरलेल्या खिचडीचे कारण बरेचदा हेच असते. तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी तीच डाळ नवी करते, वर स्निग्धांश आणि प्रथिनेही देते.

बाजाराला दोन दिवस उरलेले असतात तेव्हा टोपलीत भोपळ्याच्या फोडी आणि कांदेच असतात. अशा संध्याकाळी चार किलो मूग भिजत घालावेत, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधावेत. मोड येताना खनिजे बांधून ठेवणारे फायटेट घटते, लोह आणि जस्त मोकळे होते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होऊ लागते. त्याच्या दुसऱ्या सकाळी गाठोडे दुपटीहून जड झालेले असते. मोड कच्चे वाढू नयेत. चांगली वाफ द्यावी, खाली उतरवावेत, मग कांदा आणि लिंबू.