शोध गुग्गुळाचा : संदर्भशोधनातील अव्याप्ती व अतिव्याप्ती

मेदोरोगात गुग्गुळकल्पांची योजना करताना आधुनिक प्रमाणही हाताशी असावे, या हेतूने आपल्यापैकी अनेक जण संगणकाचा आश्रय घेतात. शोधचौकटीत द्रव्याचे लॅटिन नाव लिहिले की समोर येते तेच त्या विषयाचे समग्र वाङ्मय, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाचीच परीक्षा आम्ही येथे करू इच्छितो.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ६१ रुग्णांवरील एका भारतीय चाचणीत गुग्गुळाने एल.डी.एल. सुमारे साडेबारा टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. तिच्या शीर्षकात 'कॉमिफोरा मुकुल' हे नाव आहे. २००३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १०३ प्रौढांवरील आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत गुग्गुळसत्त्व घेणाऱ्या दोन्ही गटांत एल.डी.एल. चार ते पाच टक्क्यांनी वाढले, प्लासिबो घेणाऱ्या गटात ते पाच टक्क्यांनी घटले. शिवाय गुग्गुळसत्त्व घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. मात्र हिच्या शीर्षकात लॅटिन नाव नाही, 'गुग्गुलिपिड' हा शब्द आहे. म्हणजे लॅटिन नावाने शीर्षकापुरता शोध घेणाऱ्या वैद्यास अनुकूल निबंध गवसेल, प्रतिकूल गवसणार नाही. आणि उद्या पुरळ घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान तो अन्यत्र धुंडाळीत बसेल. (त्या चाचणीत वापरलेले सत्त्व म्हणजे आपला शोधित गुग्गुळ नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे, पण तो घेण्यासाठी निबंध आधी वाचलेला हवा.)

लक्षणाचे अव्याप्ती व अतिव्याप्ती हे दोष आपण पदार्थविज्ञानात शिकलो. ग्रंथालयशास्त्राची भाषा वेगळी, विचार तोच. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांपासून शोधाचे मूल्यमापन 'रिकॉल' व 'प्रिसिजन' या दोन मापांनी होऊ लागले. हवे ते निसटले तर रिकॉल उणा, ही अव्याप्ती. नको ते शिरले तर प्रिसिजन उणे, ही अतिव्याप्ती. एक दोष टाळू जाता दुसरा बहुधा बळावतो. चिकित्सकाने अशा वेळी अतिव्याप्ती पत्करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नको ते निबंध बाजूला सारण्यात फार तर एक सायंकाळ जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली 'मेश' ही नियंत्रित शब्दावली सिद्ध केली. तीत अनेक पर्यायशब्द एका अधिकृत संज्ञेखाली आणले जातात, आणि पबमेडमधील शोधास तिचा आधार असतो. निघंटुकारांनी दुसरे काय केले? कौशिक, पुर, पलंकष ही सारी नावे त्यांनी गुग्गुळापाशी एकत्र आणली. उलट 'अमृता' म्हणजे गुडूचीही आणि हरीतकीचा एक भेदही, हा अनेकार्थाचा धोकाही त्यांना ठाऊक होता. आजचे लॅटिन नावही स्थिर नाही : 'कॉमिफोरा मुकुल'ऐवजी आता 'कॉमिफोरा वाइटी' हे नाव रूढ आहे. रोमन लिपीतील गुग्गुळ, गुग्गुलु, गुगुल ही रूपे आणखी निराळी.

म्हणून प्रत्येक द्रव्यासाठी एक नामपत्रिका करावी. जुनी-नवी लॅटिन नावे, रोमन रूपे व सत्त्वांची नावे तीत लिहून, शोधताना ती 'ऑर' या शब्दाने जोडावीत. आयुष रिसर्च पोर्टलवर हाच शोध स्वतंत्रपणे घ्यावा. मिळालेले निबंध झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात साठवून प्रत्येकास निघंटूतील मुख्य नावाची खूण जोडावी. शोधाची तारीख व वापरलेले शब्दही टिपून ठेवावेत.

ब्राह्मीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. 'ब्राह्मी' या नावाखाली कोठे बॅकोपा, तर कोठे मंडूकपर्णी अभिप्रेत असते. निबंधात वनस्पतीची ओळख दिलेली नसेल, तर त्यावर 'द्रव्य अनिश्चित' अशी खूण करून तो वेगळ्या कप्प्यात ठेवावा, आणि त्यातील मात्रा रुग्णास लावू नये.