दाढेच्या मुळापलीकडे औषध गेलं तर?

मैत्रिणींनो, दाढ ठणकायला लागली की आपण आधी लवंग धरतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. पाहुणे, सणवार, मुलांच्या परीक्षा उरकेपर्यंत दिवस ढकलतो. शेवटी डॉक्टर म्हणतात, "रूट कॅनाल करावं लागेल." दाढ वाचते, तेव्हा उपचार चांगलाच. पण त्यातली एक गोष्ट आपल्याला ठाऊक असलेली बरी.

किडलेली नस काढल्यावर मुळातल्या बारीक नळ्या धुवाव्या लागतात. त्यासाठी बहुधा सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. पांढरे कपडे उजळायच्या ब्लीचमध्ये असतं, तेच हे! ते जंतू मारतं नि मेलेला भाग विरघळवतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा याच्याच सुमारे ०.५ टक्का द्रावणाने धूत असत. दातांसाठी ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत वापरतात. नळीत आहे तोवर ते औषध. मुळाच्या टोकाबाहेर गेलं, की जिवंत मांसही भाजतं.

असं क्वचितच होतं. सुई नळीत घट्ट बसली, द्रावण जोराने दाबलं गेलं, किंवा मुळाचं टोक उघडं असलं तर धोका वाढतो. मुलांच्या नव्याने आलेल्या पक्क्या दातांची टोकं अशी उघडी असतात.

ओळखायचं कसं? भूल दिलेली असूनही एकाएकी जाळल्यासारखी कळ येते. काही मिनिटांत गाल सुजतो, दातातून रक्त येतं. वरची दाढ असेल तर कधी नाकाघशात क्लोरीनचा वास येतो.

ओठ दाबून सोसायची आपल्याला फार सवय. इथे मात्र सोसू नका. लगेच हात वर करा! डॉक्टर काम थांबवून वेदनेवर इलाज करतील. पहिल्या दिवशी बाहेरून थोडा थोडा वेळ बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. प्रतिजैविकं डॉक्टरांनी दिली तरच घ्या. सूज डोळ्याकडे सरकली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर तडक रुग्णालय गाठा.

चेहरा काळानिळा पडतो. बाईचा असा चेहरा पाहून शेजारीपाजारी भलतंच कुजबुजतात. तोंड लपवून बसू नका, सरळ कारण सांगा. बहुतेक वेळा काही आठवड्यांत सगळं ओसरतं. एखादीला बधिरपणा जास्त दिवस राहतो.

उपचाराआधी मोकळेपणाने विचारा: मुळाची लांबी मोजली का? रबर डॅम लावणार का? सुईचं भोक बाजूला आहे ना, टोकाच्या दोनेक मिलिमीटर अलीकडेच थांबणार ना? ब्लीचने अंगावर पुरळ येत असेल तर तेही आधीच सांगा.

विचारण्यात संकोच कसला? भाजी घेतानासुद्धा आपण चार प्रश्न विचारतोच की!