ठाण्यातला कक्ष, रुग्णालयातली खोली

महाराष्ट्रातल्या स्त्रीहिंसाविरोधी प्रयत्नांचा इतिहास बहुधा कायद्यांच्या तारखांनी सांगितला जातो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, चार कायदेअभ्यासकांनी खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचे वेगळे कलम आले. सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अही त्याच वर्षीचे. हे सारे खरेच. तरी मला १९८४ अधिक मोलाचे वाटते. त्या वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती तिथे भेटू लागली. गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरण्याआधीच बाईला रात्रीचा निवारा, सासरी अडकलेले स्त्रीधन, मुलांचा ताबा असे प्रश्न घेरतात, आणि त्यांना कुठलेही कलम एकटे पुरत नाही. नवे शतक उजाडताना मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केले, तेही याच जाणिवेतून. ठाण्याची पायरी न चढणारी बाई टाके घालायला रुग्णालयात येतेच. केसपेपरवर ‘पडून लागले’ एवढेच लिहून तिला परत पाठवायचे का, हा प्रश्न तिथल्या डॉक्टर-परिचारिकांपुढे ठेवला गेला.

समुपदेशन म्हणजे गोड बोलून बाईला पुन्हा सासरी धाडणे, असा आक्षेप चळवळीतूनच येतो. तो निराधार नाही. संसार वाचवणे हेच यश मानणारे समझोते आपल्याकडे उदंड झाले. पण मारहाण थांबणे ही पहिली अट मानणारा कक्ष आणि ‘जरा सांभाळून घे’ म्हणणारी पंचमंडळी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसरा आक्षेप ४९८-अच्या गैरवापराचा. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच लगाम घातला, ते योग्यच झाले. मात्र आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी, हे अनुमान घाईचे आहे. साक्षीदार घरचेच असतात आणि खटला वर्षानुवर्षे चालतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितल्याचे आढळले. खोट्या तक्रारींच्या चर्चेत या न आलेल्या तक्रारी कुणी मोजत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी दिला, पण अनेक ठिकाणी तो आधीच कामाने वाकलेल्या कर्मचाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार ठरला. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. फाशीची तरतूद करायला नवे पद भरावे लागत नाही. समुपदेशक नेमायचा तर दरमहा पगार द्यावा लागतो.