वेपची कॉईल : चव तारेची, जोखीम दुकानदाराची

आम्ही वणीकर कापूस ओळखतो तो गाठीचा. वेप, म्हणजे विजेच्या सिगारेटमध्येही चिमूटभर कापूस असतो. तो द्रव शोषतो, त्याला लागून असलेली तार (कॉईल) तापते आणि वाफ होते. चव ठरते ती या उष्णतेवर. तारेचा रोध, म्हणजे ओहम, कमी असेल तर त्याच बॅटरीवर उष्णता जास्त. म्हणून कॉईलवर छापलेल्या वॅटच्या खालच्या आकड्यापासून हळूहळू वर जातात. वॅट फार वाढले किंवा कापूस कोरडा पडला की तो करपतो. चव तर जातेच, शिवाय फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ निघतात.

चव साधेल, पण धंदा साधणार नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने वेपची आयात, वाहतूक, विक्री व जाहिरात बंद आहे; निकोटीन नसले तरी, आणि कॉईलसारखा सुटा भाग असला तरी. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वेपचा नुसता साठा केला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तेव्हा व्यापारी बंधूंनी इतर सामानासोबत असा माल आला तर स्वस्त म्हणून ठेवून घेऊ नये. बिल वाचावे, खोके उघडून पाहावे, मगच माल उतरवावा.