पोलीस पाटील आल्या!

लातूरजवळच्या मुरुडला कुणी 'पाटलीणबाई' म्हटलं, तर डोळ्यांसमोर कोण येतं? पाटलाची बायको! बॉस, इथंच ग्यानबाची मेख आहे.

जुन्या ताम्रपटांतला 'पट्टकील' झिजत झिजत 'पाटील' झाला. प्रत्यय लागला की 'ई' गायब: पाटलाचा, पाटलाला. बाईसाठी 'पाटलीण', पण तो मान लग्नातून आलेला. मग १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यातल्या 'पोलीस पाटील' या पदावर बाई स्वतःच बसली तर? व्याकरणाची गोची! 'पोलीस पाटलीण' म्हणावं, तर पद नवऱ्याचं वाटतं. म्हणून नाम तसंच राहतं, बदलतं फक्त क्रियापद: 'पोलीस पाटील आल्या.' झकास! 'महिला पोलीस पाटील' हे ठिगळ मात्र आपल्याला बिलकूल पटत नाही. 'पुरुष पोलीस पाटील' असं म्हणतं का कुणी?