ट्रॅकचा वापसा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस पडून गेला की लगेच कोणी औत घालत नाही. माझे आजोबा बांधावर उभे राहून मूठभर माती उचलायचे, तिचा लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचे. लाडू जमिनीला तसाच चिकटून बसला तर आम्ही घरी परत. फुटून विखुरला तर वापसा आला. मग मात्र एक दिवसही दवडायचा नाही, कारण ओल उडून जाते आणि आमच्याकडची ज्वारी त्या साठलेल्या ओलीवरच उभी राहते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरलेली मालदांडी पुढे आभाळातून फार काही न मिळताही दाणा भरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या रानाचा वाटा मोठा आहे.

शर्यतीच्या मोटारींचं वेड मला कॉलेजात लागलं. ओल्या ट्रॅकवर चालकाला नेमकं काय काय कळावं लागतं, हे वर्षानुवर्षं पाहत आणि वाचत आलो. आजोबांचा लाडू जे सांगायचा, तेच तो चालक टायरला विचारत असतो, असं मला ठामपणे वाटतं. हे ज्या यंत्रात सगळ्यात स्वच्छ दिसतं ते म्हणजे पोर्शेची ९११ जीटी३.

पहिली ९११ सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. जीटी३ हे तिचं ट्रॅकसाठी घडवलेलं रूप १९९९ पासूनचं. २०२१ मध्ये आलेल्या पिढीत चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. ते टर्बोशिवाय मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतं आणि ५१० अश्वशक्ती देतं. गाडीचं वजन १,४१८ किलो, म्हणजे आजच्या मानाने हलकी. पुढचे टायर २५५ मिलिमीटर रुंद, मागचे ३१५. जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना वळणदार मार्ग तिने सात मिनिटांच्या आत, ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत पार केला. अर्थात कोरड्यात.

इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेलं असणं ही या घराण्याची जुनी खूण. बैलगाडी हाकलेल्या माणसाला याचा अर्थ समजावावा लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवर हवा तो दाब राहत नाही. ओझं पुढे जास्त झालं तर ती धुराजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. ९११ ही जन्माने उलाळ गाडी आहे. कोरड्या रस्त्यावर साठ वर्षांच्या अभियांत्रिकीने हा स्वभाव जवळजवळ झाकून टाकला आहे. पावसात तो पुन्हा वर येतो, आणि त्याची एक चांगली बाजूही तेव्हाच दिसते.

चांगली बाजू आधी. वळण संपवून बाहेर पडताना ताकद मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरते. तिथेच इंजिनाचं वजन बसलेलं असल्यामुळे ही चाकं ओल्यातही रस्ता धरून ठेवतात. पुढे इंजिन असलेल्या तेवढ्याच ताकदीच्या गाडीची मागची चाकं जिथे जागच्या जागी फिरू लागतात, तिथे जीटी३ सरळ निघून जाते. वाईट बाजू वळणात शिरताना भेटते. पुढचं टोक हलकं. स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं पाण्यावर नुसती घासत सरळ जायला बघतात. त्या क्षणी घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, तर वजन एकदम पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि तो जड शेपटा लंबकासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून ही गाडी पावसात चालवणारे ब्रेक सोडतानाही हळूहळू सोडतात. ब्रेकचा शेवटचा हलका दाब वळणाच्या तोंडापर्यंत नेला की नाकावर थोडं ओझं टिकून राहतं. जू मानेवर राहावं म्हणून गाडीवान साटीत पुढे सरकून बसतो, तीच ही युक्ती.

टायरची पकड ही एकच कणगी आहे असं समजा. ब्रेकला जेवढ्या ओंजळी काढल्या तेवढ्या वळणाला कमी उरल्या, वेग वाढवायला काढल्या तर आणखी कमी. कोरड्यात कणगी काठोकाठ भरलेली असते, त्यामुळे दोन्ही हातांनी उपसलं तरी चालून जातं. पावसात ती बरीचशी रिकामी झालेली असते. मग ब्रेक शक्यतो सरळ रेषेत, वळण आपल्या जागी, आणि स्टिअरिंग सरळ होईल तसतसा ॲक्सिलरेटर, अशी कामं एकामागून एक करावी लागतात. हात मऊ असावा लागतो. चांगल्या चालकाचे पावसातले हात पाहिले तर तो गाडी चालवतोय की दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं धरून चाललाय, असं वाटतं.

जीटी३ च्या पावसातल्या अडचणीचं मूळ मात्र इंजिनापेक्षा टायरमध्ये जास्त आहे. तिला ट्रॅकसाठी जे मिशेलिनचे कप २ जातीचे टायर बसवतात, त्यांच्या खाचा नव्यातच साध्या टायरपेक्षा उथळ असतात आणि रस्त्याला टेकणारं गुळगुळीत रबर जास्त असतं. कोरड्यात याचाच फायदा. पाण्यात खाच म्हणजे पाटचारी. टायर पुढे जाताना त्याच्यापुढे पाण्याची पाचर तयार होते. ते पाणी खाचांमधून बाजूला आणि मागे गेलं तरच रबर डांबराला भेटतं. पाटचारी उथळ असेल तर पाणी तुंबतं, पाचर टायरखाली शिरते आणि गाडी अक्षरशः तरंगू लागते. फॉर्म्युला वनच्या भर पावसाच्या टायरबद्दल पिरेली सांगते की ३०० किलोमीटरच्या वेगाला एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. विहिरीवरच्या मोटरीलाही हेवा वाटावा असा हा आकडा. एवढं पाणी हलवल्यावरच ती गाडी रस्त्यावर राहते, म्हणून तो इथे सांगितला.

विमानाची चाकं ओल्या धावपट्टीवर का तरंगतात, याचा अभ्यास नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात केला आणि एक सोपं सूत्र दिलं: तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. पाणी खाचेपेक्षा खोल असेल आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर या हिशेबाने ताशी ९५ किलोमीटरच्या आसपासच चाक रस्ता सोडतं. कडक हवा भरलेल्या अरुंद टायरची सायकल पाण्यातून जाताना तरंगत नाही, याचं कारणही यातच आहे. ज्यांना वाटतं की रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जेवढा पन्ना रुंद, तेवढं पाणी बाजूला सारायचं काम जास्त.

दुसरी अडचण उष्णतेची. ट्रॅकच्या टायरचं रबर तापल्यावर चिकट होतं. पाणी त्याला सतत थंड करतं. थंड टायर घसरतो, घसरतो म्हणून चालक हळू जातो, हळू गेला म्हणून टायर तापत नाही. या फेऱ्यातून बाहेर पडायला धीर लागतो. ब्रेकचंही असंच. थोडा वेळ ब्रेक न लावता गाडी पाण्यातून गेली की डिस्कवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पहिला दाब क्षणभर वाया जातो. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेकला नुसता पाय लावून डिस्क पुसून घेण्याची सवय लागते.

मागच्या पंखाकडून पावसात किती मदत मिळते? याच पिढीच्या जीटी३ आरएसचा पंख आणि बाकीची हवेची रचना मिळून ताशी २८५ किलोमीटरला ८६० किलोचा दाब गाडीवर टाकते. २०० ला हा आकडा ४०९ किलोवर येतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे १०० च्या वेगाला हिशेबाने जेमतेम शंभर किलो उरतो. पावसात वळण हळू घ्यावं लागतं, हळू घेतलं की दाब घटतो, दाब घटला की पकड आणखी कमी. जिच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा, तीच मदत अशी ऐन वेळी हात आखडते.

गाड्या बनवणाऱ्यांना हे सगळं पक्कं ठाऊक आहे. लॅम्बोर्गिनीने हुराकान एसटीओ या अशाच ट्रॅकवेड्या गाडीला जे तीन मोड दिले, त्यातल्या एकाचं नावच पियोज्जा, इटालियनमध्ये पाऊस. पोर्शेने २०१८ च्या अखेरीस आणलेल्या नव्या पिढीच्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे संवेदक बसवले. चाकाने उडवलेलं पाणी कमानीच्या आतल्या बाजूला आदळतं, त्या आवाजावरून रस्ता किती ओला आहे हे गाडी ओळखते आणि चालकाला ओल्या रस्त्याचा मोड लावायला सुचवते. मला ही कल्पना अतिशय आवडते. पाणी किती आहे हे कानाने ओळखणं आपल्याकडे पाणक्यालाही जमायचं, विहिरीत पोहरा आपटला की.

पण संवेदकाला कळत नाही अशी एक गोष्ट राहतेच: ट्रॅकवर कुठे चालावं. कोरड्यात सगळे ज्या एका रेषेवरून धावतात, तिथे टायरचं रबर घासून घासून एक थर बसलेला असतो. कोरड्यात तोच थर पकड देतो, भिजला की साबणासारखा होतो. म्हणून पावसात जाणते चालक ती रेष सोडून वळणाच्या बाहेरच्या बाजूने, खडबडीत डांबरावरून लांबचा फेरा घेतात. रंगवलेले पांढरे पट्टे आणि कडेचे रंगीत उंचवटे तर स्पर्शही न करण्याचे. आमच्या गावाकडून सोलापूरला जाताना पहिल्या पावसात हाच धडा मिळतो. उसाच्या ट्रॉलींनी शेतातून आणलेला काळा चिखल डांबरावर पसरतो आणि सगळ्यात जास्त वापरलेला चाकोरीचा भागच सगळ्यात निसरडा होतो.

आणि मग येतो वापसा.

पाऊस थांबतो. ट्रॅक हळूहळू वाळू लागतो. अजून पावसाळी टायर ठेवायचे की गुळगुळीत स्लिक चढवायचे? लवकर बदलले तर पहिल्याच वळणावर गाडी गवतात. उशीर केला तर मऊ रबराचे पावसाळी टायर कोरड्या पट्ट्यावर भाजून निघतात. ते वाचवायला चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम डबकी शोधत जातो. नजर कशावर ठेवायची? पृष्ठभाग चकाकतो की निस्तेज झालाय. पुढच्या गाडीमागे पाण्याचा उंच फवारा उडतो की नुसतं धुकं. आणि सगळ्यात आधी बुडाला आणि तळहाताला काय जाणवतंय.

११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि पाऊस दिवसभर येत-जात राहिला. आयर्टन सेनाने पहिल्याच फेरीत पाचव्यावरून पहिलं स्थान घेतलं, ते दृश्य अजूनही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. माझं लक्ष मात्र दर वेळी ॲलन प्रोस्टकडे जातं. चार वेळा विश्वविजेता ठरलेला, हिशेबी डोक्याचा हा माणूस त्या दिवशी सात वेळा पिटमध्ये आला. आभाळ बदललं की टायर बदलले, टायर बदलले की आभाळ बदललं. तिसरा आला, तोही एक फेरी मागे पडून. लाडू फुटला असं त्याला दर वेळी वाटलं आणि दर वेळी माती ओलीच निघाली.

उलट्या बाजूची चूक रशियातल्या सोचीला २६ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. आमच्याकडे तेव्हा उत्तरा नक्षत्र संपत आलं होतं. तरुण लँडो नॉरिस पहिल्या स्थानावरून निघालेला आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा पुढे होता. पाऊस सुरू झाला. लुईस हॅमिल्टनने आत येऊन मधल्या पावसाचे टायर घेतले. नॉरिस स्लिकवरच राहिला, पाऊस वाढला, गाडी बाहेर घसरली. हॅमिल्टनला शंभरावा विजय मिळाला, नॉरिस सातवा. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. आपल्या पायाखाली अजून पकड आहे, असं त्याला खरोखर जाणवत असणार.

याच हॅमिल्टनने त्याच्या आदल्या वर्षी इस्तंबूलला मधल्या पावसाच्या टायरचा एकच संच पन्नास फेऱ्या वापरला. ट्रॅक वाळत गेला तशा टायरच्या खाचाही झिजत गेल्या, शेवटी ते जवळजवळ स्लिकच झाले. टायर आणि जमीन सोबतच वापशाला आले. त्याचं सातवं विश्वविजेतेपद त्या शर्यतीत पक्कं झालं.

हे सगळं आपल्यापासून दूरचं वाटत असेल तर सांगोला-मिरजेवरून कोल्हापूर गाठा. तिथल्या मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. माझा भाचा कॉलेजसाठी कोल्हापुरात राहिला तेव्हा जमवलेले पैसे कार्टमध्ये घालायचा. कार्टचा पाऊस वेगळा. तिला डिफरन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट आसावर एकाच वेगाने फिरतात. वळायचं तर आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जायला हवं, नाहीतर ती सरळच जाते. कोरड्यात पकडीच्या जोरावर ते आपोआप उचललं जातं, ओल्यात जात नाही. म्हणून मेकॅनिक पुढची चाकं बाहेर सरकवतात, मागची आत घेतात, पुढच्या चाकांचा कल वाढवतात, आणि चालकाला स्टिअरिंग जरा झटक्यानेच वळवावं लागतं. मऊ हाताचा जीटी३ चा नियम इथे चालत नाही. पहिल्या पावसात भाचा गवतात गेला तो हेच माहीत नसल्यामुळे. त्यानंतर तो पाऊस आला की आनंदाने निघायचा.

मागच्या सप्टेंबरात तो सुट्टीला मंगळवेढ्याला आला होता. दोन दिवस चांगला पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही दोघं रानात गेलो. वरची माती भुरकट दिसत होती, तिफण आणायला सांगावं असं मला वाटू लागलं होतं. त्याने चपला काढल्या, चार पावलं आत गेला, खाली वाकून माती उचलली आणि लाडू वळून सोडला. तो थप्प करून बसला.

"मामा, अजून दोन दिवस," तो म्हणाला, आणि पायाला लागलेला चिखल बांधाच्या गवतावर पुसू लागला.